बिब्ब्याचा दांडा

कुऱ्हाडीच्या दांड्याला मी बिब्ब्याचं तेल लावलं होतं.

हे वाचून ज्यांनी कपाळाला हात लावला, ते आमच्याच भागातले असणार. बाकीच्यांना सांगावं लागेल. बिब्बा म्हणजे एक काळं, चपटं फळ. गरम सुईनं टोचलं की त्यातून डांबरासारखं तेल निघतं. गाडीच्या आणि वखराच्या लाकडाला ते लावलं की वाळवी फिरकत नाही आणि लाकूड काळंभोर चमकतं. माणसाच्या कातडीला लागलं की मात्र एक-दोन दिवसांत आग होते, सूज येते, फोड येतात. त्याला आम्ही ‘बिब्बा उतला’ म्हणतो.

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. म्हणून तर मी काडीला चिंधी बांधून तेल लावलं. स्वतःचे हात जपले. पुढं तो दांडा कुणीतरी हातात धरणार आहे, एवढंच काय ते सुचलं नाही. लोक कुऱ्हाड पायानं चालवतात अशी माझी समजूत असावी.

तेव्हा मी सोळा-सतरा वर्षांची होते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. निजामाचं राज्य होतं आणि लांब कुठंतरी दुसरं महायुद्ध चालू होतं. आमच्यापर्यंत लढाई पोचली ती एवढीच, की बाजारात चांगलं लोखंड मिळेना. कयाधू नदीच्या काठी सासरच्यांचा लोहारकीचा मेट, म्हणजे भट्टी-ऐरणीची जागा, होता. सासरे ऐरणीवर, नवरा घणावर आणि मी भात्यावर. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. भाता ओढता ओढता मी काम बघत होते, आणि बघितलं म्हणजे आलं अशी माझी खात्री होती.

एका सकाळी सटवाजी धनगर आला. त्याची मेंढरं नदीपल्याडच्या शेतांत बसवली होती. उन्हाळ्यात शेतकरी मेंढरांना रानात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं. बायको बाळंत झाली होती, म्हणून त्याला तळ हलवता येत नव्हता. आणि लांडग्यांची एक जोडी तळाभोवती घुटमळत होती. त्यानं कळमनुरीच्या बाजारातून स्वस्तातली कुऱ्हाड आणली होती, वर डांबर फासलेली. बाभळीच्या पहिल्या फांदीलाच तिची धार वळली.

मामांनी ती ऐरणीवर वाजवून बघितली. ठक असा मेलेला आवाज आला.

“सटवाजी, ही कुऱ्हाड हाय का पापड?”

“पापड बी कडक असतो, दादा. हिला माणसात आणा. मोठं पातं नको, हलकं पायजे. दांडा लांब पायजे. लांडगा जवळ याच्या आदी त्याला लागली पायजे.”

माझा नातू आता वर्कशॉप चालवतो. अशा कामाला तो ‘कस्टम जॉब’ म्हणतो आणि वेगळा दर लावतो. मामांनी ते असं केलं. आधी पातं भट्टीत घालून डांबर जाळलं. मग धारेची कड छन्नीनं उभी चिरली, ओठ उघडल्यासारखी. त्या फटीत मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद बसवलं, वर सवागी, म्हणजे टाकणखार, टाकली आणि पांढरं होईस्तोवर तापवून ठोकलं. दोन्ही लोखंडं एक झाली. नरम लोखंड पाठीला, पोलाद तोंडाला. त्यामुळं कुऱ्हाड तुटत नाही आणि धारही राहते. मग दोन्ही बाजूंनी जास्तीचं लोखंड कापून पातं निमुळतं केलं.

शेवटी पाणी देणं. लाल पात्याची फक्त धार पाण्यात बुडवायची, बाहेर काढून घासायची आणि डोळा ठेवायचा. आतली उष्णता धारेकडं सरकते तसा रंग चढतो. आधी वाळल्या गवताचा, मग मधाचा, मग वांग्याच्या सालीचा. मधाचा रंग आला की पुन्हा पाण्यात. थोडा उशीर झाला तर धार मऊ, घाई झाली तर काचेसारखी फुटते. मामा त्या वेळी श्वासही जपून घ्यायचे.

मग धावड्याच्या लाकडाचा लांब दांडा बसवून पाचर ठोकली. एवढ्यात औंढ्याहून निरोप आला, तिथल्या एका मोठ्या दाराच्या बिजागऱ्या बसवायच्या होत्या. मामा आणि नवरा निघाले. जाताना मामा म्हणाले, “दांडा काचेनं तासून घे. जवसाचं तेल चोळ. दुसरं काई करू नको.”

जवसाच्या तेलानं दांडा पिवळट दिसतो. मला ते दरिद्री वाटलं. एवढं देखणं पातं आणि खाली हळदीच्या अंगाचा दांडा. माझ्या माहेरी, गोरेगावाकडं, वडील गाडीच्या लाकडाला बिब्बा लावायचे. मला वाटलं, सासरच्यांना ही विद्या माहीत नसावी. मामा परत येऊन दांडा बघतील आणि चकित होतील. चकित ते झालेच.

सटवाजी दुसऱ्या दिवशी येऊन कुऱ्हाड घेऊन गेला. दांडा पुरता सुकलाही नव्हता. तो बघून खूश झाला, खांद्यावर टाकून ऐटीत नदी उतरला. मीही ऐटीत बघत राहिले.

माझ्या दोन बोटांच्या बेचक्यात तेल गेलंच होतं. तिथं फोड उठले तेव्हा सासूबाईंना मी सांगितलं, ठिणगी उडाली. तरीही मला पुढचं दिसलं नाही. माझ्या डोक्याला पाणी द्यायचं राहून गेलं होतं.

दोन-तीन दिवसांनी मामा राहिलेल्या बिजागऱ्या घडवायला एकटेच परत आले. मी भात्यावर बसले. भट्टी पेटून लोखंड तापायला लागलं, तोच गावचा जागल्या सांगत आला, की धनगराच्या तळावर देवी आल्या. सटवाजीचे हात फोडांनी भरलेत. बायकोच्या हातावर फोड. लेकराचा गाल लाल झालाय. पाटलानं हुकूम केलाय, ऊन चढायच्या आत तळ शिवेच्या बाहेर गेला पाहिजे. आपल्या विहिरीचं पाणी त्यांना द्यायचं नाही.

देवी म्हणजे कसला रोग होता ते आताच्या लेकरांना सांगून कळत नाही. पाटलाची स्वतःची दोन लेकरं मागच्या साथीत गेली होती. त्यानं हुकूम दुष्टपणानं दिला नव्हता. पण शिवेच्या पलीकडं कोरडं माळरान होतं. सगळ्यांत जवळचं पाणीही लांब होतं. वैशाखाचं ऊन होतं. आणि तळावर ओली बाळंतीण होती.

मी भाता ओढत होते. बेचक्यातले फोड भात्याच्या दांड्याला घासत होते. आता मात्र मला सगळं कळलं. आणि कळल्यावर मी काय ठरवलं, तर गप्प बसायचं. बोलले तर मामा मला माहेरी धाडतील. नाही बोलले तर धनगर काय, आज इथं उद्या तिथं, जातील कुठंतरी. इतका नीच हिशेब मी भात्याच्या दहा-बारा ओढींत केला. मग लेकराचा गाल मनातून हलेना.

“मामा, हातोडा थांबवा.”

“लोखंड लाल हाय.”

“गार होऊ द्या.”

लोहाराच्या घरात असं कुणी म्हणत नाही. मामांनी वर बघितलं. मी हात पुढं केला आणि बोटं फाकली.

“काय लावलंस दांड्याला?”

“बिब्बा.”

बिजागरी ऐरणीवरच काळी पडली. मग त्यांनी सांडस खाली ठेवली, मुंडासं बांधलं आणि म्हणाले, “चल. आता जे मला सांगितलंस ते पाटलाला सांग.”

नदीच्या अलीकडच्या थडीला सगळे पुरुष जमले होते. पात्रात पाणी नव्हतं, नुसती वाळू. पल्याड सटवाजी गाढवांवर सामान लादत होता. हाताच्या मुठी वळेनात म्हणून दोऱ्या दातांनी ओढत होता. मी पदर पुढं ओढून मामांच्या मागं उभी राहिले. मामा बाजूला सरकले, म्हणजे मी उघडी पडले.

मी सांगितलं. कुणीतरी हसलं. पाटील हसला नाही.

“भिकाजी, तुझी सून देवीची वैदीण कवा झाली?”

मामांनी पल्याड हाक दिली, “सटवाजी, अंगातलं काढ आन् पाठ फिरव.”

त्यानं बंडी काढली. उजव्या खांद्यावर, जिथं कुऱ्हाड टेकायची तिथं, दांड्याच्या जाडीचा लालभडक पट्टा उठला होता. डावा खांदा कोरा होता. लोकांत कुजबूज झाली.

“देवी कुठूनबी सुरू व्हती,” पाटील म्हणाला. “माझ्या पोरीला आदी पाठीवरच दिसली व्हती. मी पट्टा बघून गाव धोक्यात घालू का?”

मामा म्हणाले, “देवी निघाली तर आमी बी त्यांच्यामागं शिवंबाहेर. भट्टी मोडून. घरदार घेऊन.”

मला वाटलं, आता पाटील नको म्हणेल. तो म्हणाला, “बराबर. आन् सून आत्ताच पल्याड जाईल. बघंल, इलाज करंल. निकाल लागस्तोवर अल्याड यायचं न्हाई. तवर तळ हाय तिथं ऱ्हाऊ द्या.”

सासूबाई खोबरेल, तीळ आणि विळा घेऊन आल्या. विळा कशाला, ते मला कळेना. त्या एवढंच म्हणाल्या, “बाळंतिणीकडं रिकाम्या हातानं जाऊ नाई. आन् तुझ्या हाताची तर लई बरकत हाय.”

तळावर पोचले तेव्हा पालाच्या तोंडाला लिंबाचे डहाळे लावलेले होते. सटवाजीची बायको कोंडाबाई आत बसली होती. मनगटापर्यंत हात सुजलेले. लेकरू शेजारी गोधडीवर. आणि लेकराच्या उशाला, गालाला लागून, माझा काळाभोर दांडा.

बाळंतिणीच्या उशाला लोखंड ठेवायची रीत आहे, बाहेरची बाधा होऊ नये म्हणून. सटवाजीनं नवी कोरी कुऱ्हाड तिथं ठेवली होती. हात सुजल्यावर त्याला ती उचलवेना, म्हणून ती तिथंच राहिली. लेकरू मान वळवायचं आणि गाल दांड्याला टेकायचा. मी जपून काडीनं लावलेलं तेल त्या पोराच्या उशाशी जाऊन बसलं होतं.

मी पदरात धरून कुऱ्हाड उचलायला गेले तर कोंडाबाईनं मनगट धरलं.

“लोखंड हलवू नको. एक तर देवी आली. आता लोखंड बी नेतीस काहून?”

तेव्हा विळ्याचं कारण कळलं. मी आधी विळा उशाला ठेवला, मग कुऱ्हाड काढली. तिनं हात सोडला.

पण तेलाची बाटली काढली आणि पुन्हा अडलं. देवी आलेल्या घरात तेल चालत नाही. फोडणीसुद्धा देत नाहीत, देवी कोपते. आणि मी अंगालाच तेल लावायला निघाले होते. मी माझ्या फोडांना लावून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्या देवी तुझ्यापाशी. माझं म्हणणं चुकलं तर पहिलं भोगणार तिचं लेकरू, हे तिलाही दिसत होतं आणि मलाही.

सटवाजी बाहेरून ऐकत होता. तो आत येऊन बसला आणि त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं ठेवले.

“मला लाव. देवी कोपली तर माझ्यावर कोपंल. उद्या बघून मग तिला लाव.”

मी त्याच्या हातांना तिळाचा आणि खोबऱ्याचा लेप दिला. कोंडाबाईला सोडा आणि राखेनं हात धुवायला लावले, गोधडी बदलली. लेकराला तेल लावू दिलं नाही तिनं. नुसतं गार पाण्याचं फडकं ठेवू दिलं. पाणी सासूबाई आणायच्या. वाळूच्या मधोमध घागर ठेवून मागं सरायच्या, मग मी जाऊन उचलायची.

संध्याकाळी दिवस कललेला असताना कुत्रं भुंकलं. सटवाजी उठला, कुऱ्हाडीसाठी हात पुढं गेला आणि तसाच राहिला. कुऱ्हाड लांब बाभळीखाली पडली होती. तो फोड आलेल्या हातानं दगड मारत पळाला. परत आला तेव्हा एक कोकरू कमी होतं. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी सटवाजीचे डोळे उघडेनात. तोंड सुजून भाकरीसारखं झालं होतं. कपाळाला हात लावला तर गरम.

अल्याड पाटील, मामा आणि जागल्या उभे होते. जागल्यानं हाक मारली, “कुणाला ताप हाय का?”

मी वळून कोंडाबाईकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक. खोटं बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण अल्याड मामा उभे होते आणि त्यांचं घरदार माझ्या शब्दावर टांगलेलं होतं. खोटं बोलून देवी थांबत नाही.

“सटवाजीला हाय. अंग गरम हाय. तोंड सुजलंय.”

पाटील वळलाच. मामांनी त्याची वाट अडवली नाही, फक्त मोठ्यानं मला विचारलं, “सुजलंय का पुरळ हाय? नीट बघून सांग. तळपाय बघ. तोंडाच्या आत बघ. देवी तिथं बी निघती.”

मी जाऊन बघितलं. तळपाय स्वच्छ. तोंडात काही नाही. कपाळावर फोड नव्हता, नुसती सूज. सटवाजीला विचारलं, काल तोंडाला हात लावला होता का. तो म्हणाला, दगड मारताना घाम पुसला.

मी हे सगळं ओरडून सांगितलं. पाटील पुन्हा तळाकडं वळला. मग म्हणाला, “उद्यापस्तोर.” आणि गेला.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. दर थोड्या वेळानं लेकराच्या पोटावर हात ठेवत होते. कोंडाबाई म्हणाली, “त्याला झोपू दे बाई. तुझ्या हातानंच ताप येईल.” न रागावता ती माझ्याशी बोलली ते हे पहिलंच वाक्य. संध्याकाळी सटवाजीच्या डाव्या डोळ्याची फट उघडली. हातावरच्या फोडांची आग कमी झाली. तेव्हा कोंडाबाईनं आपले हात पुढं केले. आणि नंतर लेकरू माझ्या मांडीवर दिलं.

सकाळी पाटील स्वतः वाळू ओलांडून आला. तळापासून चार पावलांवर थांबला, मग आणखी जवळ आला. त्यानं लेकराचा गाल बघितला. कातडी सुकून सोलायला लागली होती, नवा फोड कुठंच नव्हता. त्यानं उघडं अंग उलटसुलट बघितलं. बराच वेळ लेकराचा पाय हातात धरून बसला. मग जागल्याला म्हणाला, यांना आपल्या विहिरीवर येऊ द्या.

मी घरी आले ती कुऱ्हाड घेऊनच. मामांनी पाचर काढून पातं सोडवलं. आपल्या हातून काहीतरी चांगलं व्हावं म्हणून मी तो काळा दांडा चटकन उचलून भट्टीत घालायला गेले. मामांनी हात झटकला. बिब्ब्याचा धूर डोळ्यांत गेला असता तर सगळं घर आंधळं झालं असतं. तो दांडा आम्ही मेटामागं खोल पुरला.

नवा दांडा मामांनी माझ्याकडूनच करून घेतला. काचेनं तासला, जवसाचं तेल चोळलं, सुकू दिलं, पुन्हा चोळलं. पिवळट झाला, जसा असायला हवा तसा. मग मामा म्हणाले, “आता दिवसभर ही तूच धर. पाणी आणताना, भाकरी करताना, सगळीकडं. तुझ्या हाताला काई झालं न्हाई तर मग गिऱ्हाइकाच्या हाती.” सासूबाई गावभर सांगत फिरल्या, आमची सून हत्यार बांधून चुलीपुढं बसते.

मेटाची ती रीत पुढं माझी झाली. आता नातू फिनिशिंगचं बोलतो तेव्हा मी एवढंच विचारते, हे धरणार कोण. धारेचं कौतुक करणारा ती लांबून बघतो. धरणाऱ्याच्या हातात मात्र दांडाच असतो.

सटवाजी कुऱ्हाड न्यायला आला तेव्हा त्याच्या तळहातांवर नवी, गुलाबी कातडी आली होती. लांडगे अजून माळावरच होते. मी कुऱ्हाड पुढं केली. त्यानं धोतराचा सोगा हाताला गुंडाळला, दांडा धरला, नाकाशी नेला, हुंगला. मग सोगा सोडून उघड्या हातानं धरला, हवेत एकदा फिरवला आणि मला म्हणाला,

“वैनी, ह्यो बेस झाला. पर त्यो जुना कुठं पुरलाय तेवढं सांगून ठेवा. लांडगा भेटला की म्या त्याच्या हातात देतो.”